पूर्ण वेळ मास्क

माझी मावशी फरश्या घासण्याच्या कारखान्यात होती. तिथली पांढरी धूळ जेवणाच्या डब्यांवर, केसांत, पापण्यांवर बसायची. उकाड्याने नाकावर पुरळ आलं तरी मावशी मास्क काढायची नाही. बायका तिला ‘डाकू’ म्हणायच्या. ती हसायची, राग मला यायचा.

समोरच्या यंत्रावर तिची जिवाभावाची मैत्रीण, आमची काकी. नात्याची नव्हे, पण आमच्या घरात नातेवाइकांपेक्षा तिचाच वावर जास्त. काकीचा मास्क कायम हनुवटीखाली. सुट्टी झाली की ती मागच्या भिंतीआड सिगारेट ओढायची, मग मास्कमध्ये जीव घुसमटतो म्हणायची. मावशीने सांगून सांगून घसा कोरडा केला होता.

एकदा एक डॉक्टरीणबाई कामगारांच्या छात्या तपासायला आल्या. धुळीने छाती बिघडते, सिगारेटनेही बिघडते. पण दोन्ही एकत्र आल्या की नुकसान नुसतं बेरजेने नाही, गुणाकाराने वाढत असावं, असा त्यांचा अंदाज होता. मास्क त्या गुणाकाराला किती आवर घालतो आणि सिगारेट ओढणाऱ्यालाही तो वाचवतो का, हे त्यांना मोजायचं होतं. मावशीला ते इतकं पटलं की तपासणीच्या नळीत फुंकायला घाबरणाऱ्या एकेकीला तिने हाताला धरून नेलं. मास्क लावत नसाल तर लाज न बाळगता तसं सांगा, एवढंच तिचं मागणं होतं. काकीने तर तिच्या हातावर हात ठेवून खरं सांगायचं कबूल केलं.

काही महिन्यांनी जेवणाच्या खोलीत निकाल सांगायला सगळ्यांना बसवलं. मालक पुढेच होता. बाई म्हणाल्या की जवळजवळ सगळ्यांनीच मास्क पूर्ण वेळ लावतो असं सांगितलंय. तरीही त्यांतल्या सिगारेट ओढणाऱ्यांच्या छात्या फार बिघडलेल्या आहेत. त्यामुळे या मोजणीत मास्कचा फायदा दिसत नाही. बाई आणखी काही सांगत होत्या, पण मालकाने तेवढंच उचललं. उपयोग नसेल तर मास्क कशाला मागवायचे?

मावशी उभी राहिली. बऱ्याच जणी मास्क लावतच नाहीत, तो गळ्यात असतो, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंनी विचारलं, आणखी कोणी हे सांगेल का? मावशीने काकीकडे पाहिलं.

काकी मालकाकडे बघत म्हणाली, “मी कायम लावते. हिला सवयच आहे दुसऱ्यांचे दोष काढायची.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एकटीच्या शब्दावर आकडे बदलता येत नाहीत, असं बाई ओशाळून म्हणाल्या. मास्क बंद झाले.

घरी येऊन मावशी रडली नाही. जुनी सुती ओढणी फाडून तिने नाकावर बांधायला पट्ट्या केल्या. मी काकीला शिव्या घालत होते. ती मला गप्प बस म्हणाली नाही, यावरूनच तिला किती लागलंय ते मी समजले.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी बांधून यंत्रापाशी गेली. समोर काकी उभी होती. तिनेही नाकावर फडकं बांधलं होतं, अगदी डोळ्यांपर्यंत घट्ट, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मावशी म्हणाली, “आता सोड ते फडकं. पूर्ण वेळ लावतेस का, हे आता विचारायला कोणी येणार नाही.”

आणि तिने यंत्र सुरू केलं.