भिवईवरचा वण

हसायचं असेल तर खुशाल हसा. मी साधा ड्रॉइंग मास्तर, भूतबीत-चमत्कार यांच्याशी आपलं जन्माचं वाकडं... पण आंधळगावात जे झालं ते झालं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. नागपूरच्या एका लायब्ररीत कोरियातल्या जुन्या चित्रांचं पुस्तक हाती लागलं. काळ्या टोप्या घातलेले विद्वान अधिकारी, अंगरख्याच्या छातीवर भरतकामाचे करकोचे, आणि चेहऱ्यावर देवीचे वण, मस, चामखीळ - सगळं जसंच्या तसं! एक केस चुकला तरी तो माणूस दुसराच, हा त्यांचा नियम. शिवाय रेशमाला मागून रंग द्यायचा, म्हणजे कातडी आतून उजळते. मी तर येडाच झालो. आमच्या आंधळगावात कोसा रेशीम घरोघरी विणतात, मग काय, त्यावरच चेहरे काढायला लागलो!

शेजारच्या जनामावशींच्या कानावर हे गेलं. मुलगा सुरेश पोटात असतानाच त्यांचा नवरा वारला होता. फोटो एकही नव्हता.

"मास्तर, पोराचं लगन आहे. त्याच्याआधी त्याले त्याचा बाप दाखवा न जी," म्हणाल्या.

मी नाक, कान, मिशी खोदून खोदून विचारली.

"तोंडावर काही खूण?"

"काईच नाही!" त्या झटकन म्हणाल्या. "लोण्यावानी तोंड होतं."

चित्र छान उतरलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पाहतो तर उजव्या भिवईवर बोटभर आडवा वण! रंग फुटला असेल म्हणून बुजवला. सकाळी पुन्हा हजर. पुन्हा बुजवला... पुन्हा तोच! विणकराला कापड दाखवलं, तर तो म्हणतो, "धागा साफ आहे जी, तुमचा हातच बिघडला असन." घ्या!

लग्न दोन दिवसांवर आलं. शेवटी तसंच घेऊन गेलो, तोंड पाडून.

"मावशी, माफ करा. हा डाग काही जाऊन नाही राहिला."

मावशींनी पाहिलं, पदर तोंडाला लावला... आणि खो-खो हसत सुटल्या!

"अगाई! लग्नाच्या पहिल्याच वर्षी मीच चुलीजवळून भाकर उलटवायचा सराटा फेकून मारला होता! बैलानं मारलं म्हणून त्यायनं गावभर सांगतलं. मी लाजेनं कोणाले बोलली नाही. तुमाले कोनं सांगतलं?"

मला कोण सांगणार, कपाळ!

सुरेश पुढे येऊन त्या वणाकडे पाहू लागला. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "पाहून काय राहिला? पाया पड. हाच आहे तुझा बाप."

पुढे कोशावर मी कितीतरी चेहरे काढले, एकावरही आपोआप काही उमटलं नाही. तेव्हा कसं उमटलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण लग्नाच्या वयाचा पोरगा जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी 'बाबा' म्हणाला, ते मी या कानांनी ऐकलं.