कडेच्या दोन खाली

आधीच सांगते, आमच्या घरात अंगात येणं, नजर, उतारा यातलं काहीच चालत नाही. वडील धम्मात आले त्याच वर्षी हे सगळं घराबाहेर गेलं. कोणी भुताखेताच्या गोष्टी सुरू केल्या की आजही सगळ्यात मोठ्याने मीच हसते. तरीही हे लिहायला बसले आहे...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चौक गावाहून एसटीने रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात जायचे – कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून, प्रोबेशनवर. त्या खोलीतली पहिली मुलगी! "पोरीच्या हातात मशीन नको," असं दोघं-तिघं उघड म्हणत. महिनाअखेरीस माझ्या कायम होण्याचा निकाल लागणार होता.

ते मशीन कपाटाएवढं. त्याला दोन डिस्क – एकीवर ऑफिसची सिस्टीम, दुसरीवर प्लँटची. बंद केलं की त्याला काही म्हणजे काही आठवत नसे. मग पुढच्या सोळा स्विचेस खाली-वर करून एकेक ओळ हाताने भरायची, तेव्हा कुठे ते डिस्क वाचायला लागे. कुठली सिस्टीम उठवायची ते शेवटच्या ओळीवर ठरे. सगळ्या ओळी एका तक्त्यावर शाईने लिहून पॅनेलवर चिकटवलेल्या होत्या.

दसऱ्याला मशीन बंद ठेवून पूजा करायची पद्धत. त्या दिवशी घरच्यांनाही कारखाना बघायला सोडत. आम्हाला पुढे विहारात जायचं होतं, म्हणून आई पांढरं लुगडं नेसून आली. ती पोचली तेव्हा पूजा आटपली होती, मशीन बंदच होतं. कोणीतरी उत्साहाने पॅनेलसमोरच नारळ फोडला होता आणि पाणी थेट तक्त्यावर. शेवटची ओळ पार फिस्कटली होती.

आणि नेमकं तेव्हाच साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे होते, प्लँटची सिस्टीम दाखवायला. ओळी पाठ असलेले सीनियर रजेवर, गावी. फोन लागेना.

मी आठवून भरलं. काही नाही. पुन्हा भरलं, तरी काही नाही. तिसऱ्यांदाही तेच. साहेब दारात येऊन म्हणाले, "जमतंय का, की राहू दे?" त्या 'राहू दे'चा अर्थ मला पुरता कळला होता.

आई कोपऱ्यातल्या स्टुलावर, चपला बाहेर काढून बसलेली. सही म्हणून अंगठा उठवणारी बाई. तिथूनच म्हणाली, "सुमे, डावीकडनं तिसरी वर घे गं. अन् कडंच्या दोन खाली."

"आई, गप बस ना. हे वेगळं असतं."

"आसंल. पर तितं लावणीत रोप ऱ्हायल्यावानी दिसतंय. घे तर वर!"

रागानेच ती वर घेतली, कडेच्या दोन खाली केल्या... आणि दिवे पळायला लागले! मशीनला जोडलेला टाइपरायटर खडखडला, प्लँटच्या सिस्टीमचं नाव कागदावर उमटलं. मी स्टुलाकडे बघितलं, तर आई पदराने चष्मा पुसत होती.

"व्हेरी गुड!" साहेब म्हणाले. मी सांगितलं, "सर, हे आईने सांगितलं." ते हसले, पाहुणेही हसले. आईने मला चिमटा काढला, "गप गं. तुजी नोकरी हाय, माजी नाय."

सीनियर परत आल्यावर त्यांच्या वहीत ती ओळ पाहिली. तिसरी वर, कडेच्या दोन खाली. बाकीच्या तेरा स्विचेस मी बरोबर भरल्या होत्या. अंदाजाने एखादी स्विच जुळली असती तर मी मानलंही असतं. पण नेमक्या चुकलेल्या तीनच? आईने ते पॅनेल त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि घरी मी आकड्यांबद्दल कधी बोलले नव्हते. लावणीतलं रोप मला समजतं हो, पण इथे तक्त्यावर बघायला ओळच कुठे उरली होती?

मी कायम झाले. नंतर आईला कितीदा विचारलं. "दिसलं म्हनून बोल्ले," एवढंच उत्तर.

दसऱ्याच्या त्या संध्याकाळी विहारात ती बायकांना अभिमानाने सांगत होती, "येवढं मोट्टं मशीन बंद पडलेलं, माज्या लेकीनं चालू केलं." स्वतःबद्दल एक शब्द नाही. मीही तेव्हा गप्प बसले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तो मान मिरवला. तिला कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण ते मशीन माझ्या आईने चालू केलं होतं.