एका तालमीतले दोघे

फायटिंग गेमचा जगातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हा प्रश्न पलूसच्या आमच्या चहाच्या टपरीवर दर रविवारी सकाळी कायमचा निकालात निघतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा उठून बसतो. भांडणारे तिघं. एक मी, खतं-बियाण्यांचा दुकानदार; पोट सुटलंय, पण आवाज अजून नाटकातल्या राजासारखा. दुसरे कॉलेजात गणित शिकवणारे सर. तिसरा माझा लहानपणापासूनचा दोस्त, लष्करातून सुभेदार होऊन परतलेला. आता तो शिरवळच्या एका कारखान्यात सिक्युरिटीवर आहे. आठवडाभर तिथं खोलीवर, रविवारी गावी.

सर एका जपानी खेळाडूच्या बाजूचे. दोस्ताचा पाठिंबा सरहद्दीपलीकडच्या एका पोराला.

"आरं, ज्यांच्यावर नेम धरण्यात जवानी घालवलीस, त्यांचाच खेळाडू डोक्यावर घेतोस?" मी ओरडायचो.

"बंदूक येगळी, बटन येगळं," तो शांतपणे म्हणायचा.

आम्ही दोघं लहानपणी गावच्या तालमीत लाल मातीत लोळलो. वस्तादांचा नियम कडक होता: एका तालमीतल्या दोघांची कुस्ती मैदानात लागत नाही. हरलेल्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच मातीत कोणत्या तोंडानं उतरायचं? पुढं कॉलेजसाठी सांगलीला गेलो. तिथल्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये आम्हाला तोड नव्हती. येईल त्याला आडवा करायचो. पोरं हातापाया पडायची, "एकदा तुमची दोघांची होऊन जाऊ द्या!" पार्लरवाल्यानं दिवसभर फुकट खेळू देतो म्हणून सांगून पाहिलं. आम्ही एका सुरात म्हणायचो, "एका तालमीतले आहोत."

मग तो भरती झाला, पार्लर बंद पडलं, आणि आमच्यातला मोठा कोण हे राहून गेलं. खरं सांगतो, त्या न झालेल्या लढतीवर माझी निम्मी ऐट उभी होती. प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत मी हा किस्सा रंगवायचो आणि शेवटी हात वर करायचो: "कोण मोठा? देवाला ठाऊक!" दोस्त शेजारी बसून मान डोलवायचा.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचं गेमचं मशीन माझ्या ताब्यात आलं. बुधवारी संध्याकाळी दुकान बंद केलं की मी ऑनलाइन खेळायला बसू लागलो. दिवाळीनंतर एक खेळाडू रोज समोर येऊ लागला. रोज म्हणजे दर बुधवारी. नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, माइक बंद. तो मला असा धुवायचा, असा धुवायचा की हरूनही मी खूश व्हायचो.

एका रविवारी मी टपरीच्या बाकावर चढलो.

"तुमचा जपानी ठेवा बाजूला, तुमचा पलीकडचा पोरगा ठेवा बाजूला. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू मला सापडलाय, आणि त्याला नाव न्हाई!"

मग मी त्या अनामिकाचे गुण गायले. हात, पाय, उडी, सगळं करून दाखवलं. दोस्तानं भज्यांची आणखी एक प्लेट मागवली. चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, पटलं गड्याला.

तेवढ्यात मी जरा तिखटमीठ लावलं. "तरी या बुधवारी वाचला माझ्या हातनं. लय थोडक्यात हरलो."

"थोडक्यात?" दोस्त उसळला. "शेवटच्या राऊंडला कोपऱ्यात दाबून ठेवलेला तुला. एक बुक्की तरी लागली का त्याला?"

सरांचा कप ओठांशीच थांबला. मी बाकावरून उतरलो.

"तुला कसं ठाऊक रं?"

"तूच सांगितलंस की आत्ता."

"मी थोडक्यात म्हणालो."

तो समोरून निघालेल्या एस.टी.कडं बघत राहिला. सर हळूच म्हणाले, "म्हणजे हेच ते अनामिक."

"खोलीवर करमत न्हाई रं," दोस्त म्हणाला. "तसलंच मशीन घेतलं, त्यावर तुझं नाव दिसलं. म्हटलं, बघावं एकदा."

"एकदा? दिवाळीपास्नं?"

"पहिल्याच खेपेला जिंकलो. मग सांगायला तोंड हुईना."

"मग एकदा हरायचं हुतं!"

"ते जमत न्हाई गड्या."

सर खो खो हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. पण घरी जाताना गाडीला किक बसेना. हरल्याचं काही नाही. कुस्तीआधी पैलवान हात मिळवतात, निदान समोर कोण आहे ते कळतं. यानं हात न मिळवता मला चीत केलं, आणि मी त्याचेच पोवाडे त्याच्यासमोर गात होतो. फाल्गुनातल्या लग्नात मी "देवाला ठाऊक" म्हणालो, तेव्हा ते देवाआधी याला ठाऊक होतं. तरी मान डोलवली त्यानं.

पुढच्या रविवारी तो स्वतःचं मशीन घेऊनच आला. टपरीतल्या टीव्हीला जोडलं. समोरच्या एस.टी. स्टँडवरची माणसं गोळा झाली.

"ये," तो म्हणाला. "समोरासमोर. सगळ्यांदेखत."

तेव्हा मला कळलं, त्याला काय हवं होतं. अंधारातली जीत त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. मी नुसता खेळायला बसलो असतो, तरी त्याचं भागलं असतं.

मी उठलो. भुईला हात लावून कपाळाला लावला, मांडीवर शड्डू ठोकला. शिट्ट्या पडल्या. त्यानं पुढं केलेला कंट्रोलर घेतला आणि सरांच्या हातात ठेवला.

"एका तालमीतल्यांची कुस्ती लागत न्हाई गड्या. ईसरलास?"

सरांना त्यानं पहिल्याच राऊंडला झोपवलं. टाळ्या पडल्या. तो टीव्हीकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

मी टपरीवाल्याला चहा सांगितला. एकच, माझ्यापुरता.