हिरव्या स्वेटरवाल्या काकू

भूत, संकेत, साक्षात्कार... असलं काही कुणी सांगितलं की मी सरळ हसायचो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, पुन्हा घडवून दाखवता येत नसेल तर तो बगच नाही! पण हे टाइप करताना अजून अंगावर काटा येतोय.

आम्ही अमेरिकेत एडिसनला राहतो, ओक ट्री रोडजवळ. माझी बायको मुग्धा, मूळची नागपूरची, ग्राफिक डिझायनर. गेल्या हिवाळ्यात ती एकदम बदलली. झोप नाही, अखंड बडबड, मध्येच खदाखदा हसणं. बॉसला म्हणाली, "तुम्ही माझे विचार चोरता!" मग रिकाम्या खुर्चीशी गप्पा सुरू झाल्या. तिथे म्हणे हिरव्या स्वेटरवाल्या एक काकू बसतात.

हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. सायकियाट्रिस्ट बाईंना बायपोलर, म्हणजे मूड टोकाला जाण्याचा आजार वाटला. औषधं दिली, पण काही फरक नाही.

एका दुपारी मी आणि आमची मुलगी ईरा भेटायला गेलो, तर मुग्धानं माझा हात घट्ट धरला.

"समीर, ही औषधं चुकीची आहेत रे! काकू सांगतायत, माझ्या डोक्यातल्या वायरींचं प्लास्टिक सोललंय. इथे!" तिनं कपाळाच्या उजव्या बाजूला बोट टेकवलं. "फोटो काढायला सांग ना!"

"मॉम, प्लीज स्टॉप," म्हणत ईरा रडायलाच लागली.

मला काय झालं कोण जाणे... तडक डॉक्टरबाईंकडे गेलो आणि एमआरआयसाठी हटूनच बसलो. शेवटी त्या "ओके" म्हणाल्या.

रिपोर्ट आल्यावर न्यूरोलॉजिस्ट समजावू लागले, "मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं ना, तसं. ते बऱ्याच ठिकाणी निघालंय. म्हणून हे भास." आणि एमआरआयच्या फोटोत सर्वांत मोठा पांढरा डाग कुठे? कपाळाच्या उजव्या बाजूमागे! मी ताडकन उभाच राहिलो यार!

मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार निघाला. स्टेरॉइड्स सुरू झाली आणि हळूहळू माझी मुग्धा परत आली. अजून थकते, इंजेक्शनं चालू आहेत, पण काम करते, माझ्याशी कडाकडा भांडतेसुद्धा!

न्यूरोलॉजिस्ट म्हणतात, योगायोग. कुठेतरी वाचलं असेल. मुग्धा म्हणते, मायलिन हा शब्दच तिनं रिपोर्ट आल्यावर पहिल्यांदा ऐकला.

परवा न राहवून विचारलं, "काकू दिसायच्या कधी थांबल्या गं?"

"तू डॉक्टरांकडे गेलास ना, तेव्हाच. 'आता नवरा ऐकतोय तुझं, मी निघते,' म्हणाल्या."

तोवर स्टेरॉइडचा एक थेंबही तिच्या अंगात गेला नव्हता... याचं उत्तर कुणाकडे असेल तर खरंच सांगा.