पहिली भाकरी
ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास आला की मला तो उजाड डोंगर आठवतो. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ जुनाच होता आणि डोंगरावरच्या रोपवाटिकेत माझी पहिली नेमणूक होती. पाणी खालच्या एकाच विहिरीला आणि त्या वाटेवर एका धनगर आजीचा मेंढवाडा, राखणीला दोन दांडगी कुत्री. आजीनं पहिल्याच दिवशी जेवायला बोलावलं. तव्यावरची पहिली भाकरी तिनं बाजूला ठेवली. ती साहेबाचीच असणार असं समजून मी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून मी घागर घेऊन निघालो की कुत्री वाट अडवून गुरगुरायची. मी तणतणत आजीकडे गेलो, "सरकारी माणसाला पाणी भरू देत न्हाईत म्हंजे काय?" आजी हसली, "सायेब, पयली भाकर त्येंची असती. तुमी खाल्ली, तवापासून ते तुमाला परगावचं कुत्रं समजत्यात. आता हातानं चारा त्येंला!" पदवीधर माणसानं कुत्र्यांची मनधरणी करायची? संतापानं लाल झालो, पण घसा कोरडा होता. आजीनं तव्यावरून काढून दिलेली पहिली भाकरी कुत्र्यांपुढे केली. थोरल्यानं अर्धी खाल्ली, अर्धी माझ्या पायाशी ठेवली आणि वाट सोडली. पाणी मिळालं, पण कुत्र्यानं मला उष्टं वाढलं, हे मी अजून बायकोला सांगितलेलं नाही.