तुमचं माणूस आत्ता काय करून राह्यलं?

आज सातवीला इंग्रजीचा चालू वर्तमानकाळ शिकवत होते. म्हटलं, घरचं माणूस या क्षणी काय करतंय ते सांगा.

पल्लवी म्हणाली, "माय मदर इज ईटिंग."

"तुले इथून कसं दिसते?"

"बारा वाजले ना मॅडम. कापूस वेचणाऱ्या बाया आता वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून डबे खोलतात." मग तिनंच विचारलं, "तुमचा पोरगा पुण्यात काय करून राह्यला?"

"ही इज वर्किंग."

"कायचं काम?"

मला सांगताच येईना. मधल्या सुट्टीत त्याला फोन लावला आणि विचारलं, "आत्ता काय करून राह्यला?"

तो घाबरला. "आई, काही झालं का?"

तुम्ही असा अचानक फोन केला, तर तुमच्या घरचे काय म्हणतील?