लाल कव्हर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आई तर गेली आता. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाईट नाही माझं, पण बोलायला तोंड उघडत नाही, लहानपणापासूनच. चार माणसं समोर असली की मी पदर चाचपत उभी राहते. म्हणून लिहिते. तू कोण आहेस ते मला माहीत नाही, पण तू ऐकून घेशील असं धरून चालते.

अमरावती-अकोला रस्त्यावरून आत गेलं की विमानाची एक पट्टी आहे. तिथे मुलं-मुली छोटी विमानं उडवायला शिकतात. मी तिथे झाडलोट करते, विमानं पुसते, चहा देते. वीस वर्षं झाली. सगळे मावशी म्हणतात. सत्ताविसाव्या वर्षी लागले तेव्हापासून मावशीच.

विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरचा वारा तिच्यात शिरतो, आणि त्यावरून आतल्या काट्याला विमानाचा वेग कळतो. संध्याकाळी त्या नळीला लाल कापडाचं कव्हर घालायचं. ते काम माझं. कव्हरंही मीच शिवलेली, लांब लाल पट्टी सोडून — म्हणजे उडायला निघताना कुणी काढायचं विसरू नये. उडायच्या आधी शिकणाऱ्यानं विमानाभोवती फिरून सगळं तपासायचं, नळीच्या भोकात बघायचं. हे सगळं मी इतकं का सांगते आहे? पुढचं लांबावं म्हणून असेल.

अठरा वर्षांपूर्वी तिथे स्नेहलताई शिकायला होत्या. मोर्शीच्या, घरी संत्र्याचा बगीचा. वय एकोणीस. मी त्यांना ताई म्हणायची, वयानं त्या माझ्याहून लहान होत्या तरी. उड्डाण करून आल्या की घामेजलेल्या असायच्या, तरी माझ्या हातातून कव्हर घ्यायच्या. "राहू द्या मावशी, मी घालून देते." रोज नाही, पण पुष्कळदा. तिथे दुसरं कुणी असं करत नव्हतं. डबा उघडला की आधी मला द्यायच्या.

आणि माझं असं होतं की लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. अकोल्याला माहेरी जाणं मी सोडलं होतं. कुणी काही बोलायचं नाही, पण ओटी भरायच्या वेळी मला स्वयंपाकघरात काम निघायचं. सासू मात्र बोलायची. "कुंभारीण येऊन नाही राहिली आपल्या घरात. थे येईन तवा पाळणा हलन." कुंभारीण म्हणजे ती काळी माशी, कमरेत बारीक, चिखलाचं घर बांधते. आमच्याकडे म्हणतात, तिनं घर बांधलं की त्या घरात बाळ येतं, आणि तिचं घर कधी मोडू नये. शेजारणीकडे दाराच्या चौकटीत बांधलं, तिला वर्षाच्या आत मुलगा झाला. मी नळाजवळ ओल्या मातीचा गोळा ठेवायची. तिला सोपं जावं म्हणून. हसू येतं ना? पण मी ठेवायची.

एका संध्याकाळी ताई उडून आल्या आणि बस चुकू नये म्हणून घाईनं गेल्या. मी कव्हर घेऊन विमानाजवळ गेले, तर कुंभारीण. पायात मातीचा गोळा धरलेला. ती नळीच्या भोकात शिरली, बाहेर आली, उडून गेली, पुन्हा गोळा घेऊन आली. मी तिथेच उभी राहिले. माझ्या घरात ती नऊ वर्षांत आली नाही. पण हे विमान मी पुसायची, रोज, माझ्या हातांनी. मग हे माझंच की नाही?

मी कव्हर घातलं नाही. घडी करून पिशवीत ठेवलं.

नंतर तीन दिवस वारा फार होता, विमानं निघाली नाहीत. ते विमान आत शेडमध्ये कोपऱ्यात होतं, कुणाचं लक्ष गेलं नाही. तिन्ही संध्याकाळी मी जाऊन बघून आले. देवळात गेल्यासारखी चप्पल बाहेर काढून.

मला माहीत नव्हतं, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मला माहीत होतं. कव्हर कशाला घालतात ते कामाच्या पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य, मोठ्या सरांनी सांगितलं होतं — किडा-माशी शिरू नये म्हणून. मी मनात म्हटलं, एवढीशी माती, काय होणार आहे? आणि सांगितलं असतं तर काडी घालून तिचं घर फोडलं असतं त्यांनी. तेही माझ्या डोळ्यांदेखत.

चौथ्या दिवशी सकाळी ताई आल्या, विमान बाहेर काढलं. फिरून तपासलं. नळीपाशी वाकून बघितलं, ते मी पाहिलं. माती खूप आत होती, काय दिसणार? मी दहा पावलांवर बादली घेऊन उभी होते. एकटीनं उडायचा त्यांचा दिवस होता. मला हात करून त्या गेल्या.

वर गेल्यावर वेगाचा काटा हललाच नाही. वेग कळत नसला की उतरताना अंदाज चुकतो. ताई फार जोरात उतरल्या. विमान उसळलं, पट्टी सोडून काळ्या मातीत गेलं, पुढचं चाक मोडलं. ताईंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला. तेवढं तरी.

नळीत माती सापडली. दोन दिवसांनी मोठ्या सरांनी मला आत बोलावलं. ताई खुर्चीवर होत्या, हात गळ्यात बांधलेला. बाजूला त्यांचे वडील. सरांनी विचारलं, "त्या संध्याकाळी कव्हर कोणी घातलं?" मला कधी कुणी इतक्या लोकांत प्रश्न विचारला नव्हता. माझी नोकरी जाईल, नवऱ्याला कळेल, सासूला कळेल की कुंभारीण आली होती आणि मीच — मला काय काय दिसलं त्या एका क्षणात. आणि माझं तोंड, जे कधी उघडत नाही, ते उघडलं.

"ताई म्हणाल्या, राहू द्या मावशी, मी घालून देते."

बघ, वाक्य त्यांचंच होतं. शंभरदा ऐकलेलं. त्यामुळे ते कुठे अडखळलं नाही.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील खोटं आहे. त्यांनी खूप वेळ आठवून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हटलं असन सर. मी नेहमीच म्हणते. घाईत होती, विसरली असन."

त्यांना खरंच तसं वाटलं. हे मला आजही पेलत नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर म्हणाले, कव्हर विसरलं आणि नीट तपासलंही नाही, अशा हातात विमान देता येत नाही. वडील उठले. "चाल पोरी. झालं तुयं उडणं." बाहेर जीप होती. जाताना ताईंनी डाव्या हातानं मला डब्यातली दोन संत्री दिली. मी घेतली. आणि खाल्लीही.

दोन महिन्यांनी कळलं की मला दिवस गेले आहेत. सासूनं गल्लीभर साखर वाटली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिवस मोजले आणि म्हणाल्या, चौथा महिना लागला की गं, तुला कळलं कसं नाही? मी घरी येताना बोटांवर मोजत आले. पुन्हा पुन्हा मोजलं. बाळ माशीच्या आधीचं होतं. ती नळीत घर बांधत होती तेव्हा ते माझ्या पोटात होतंच.

अठरा वर्षं गेली. मोठे सर गेले, दुसरे आले. मी तिथेच. मग या हिवाळ्यात एक बाई गाडीतून उतरल्या, केस थोडे पिकलेले, चष्मा. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं. "मावशी! तुमी अजून इथंच?"

ताईंचं लग्न अमरावतीत झालं. मुलगा दहावीला आहे. तो आता मोठा झाला, नवरा म्हणाला शिक, मनातलं राहू नये — म्हणून पुन्हा नाव घातलं. सगळं पहिल्यापासून. शेजारच्या खुर्च्यांवर वीस-वीस वर्षांची पोरं. मला विचारलं, लेकरं किती? म्हटलं, एक मुलगी, सतराची. त्या खूश झाल्या. "म्हणजे मी गेली अन् लगेच! माहा पाय चांगला नव्हता वाटते." आणि हसल्या. मी चहाचे कप गोळा केले.

पहिल्या संध्याकाळी उतरून आल्या, माझ्या हातातलं कव्हर घ्यायला हात पुढे केला. "राहू द्या मावशी, मी —" आणि थांबल्या. हात मागे घेतला. "नको. तुमीच घाला."

तो मागे गेलेला हात मी पाहिला. तो माझ्यामुळे मागे गेला.

नंतर रोज बघत गेले. उडायच्या आधी त्या विमानाभोवती तीन-तीन वेळा फिरायच्या. नळीपाशी वाकायच्या, चार पावलं जायच्या, परत येऊन वाकायच्या. त्यांना शिकवणारे नवे छोटे सर चेष्टा करायचे, "मॅडम, प्रदक्षिणा पुरे. विमान आहे, मारुती नाही." ताईही हसायच्या. "एकदा विसरली होती ना सर. तवापासून माहा स्वतःवरच भरोसा नाही." वर गेल्यावर म्हणे त्यांची नजर वेगाच्या काट्यावरून हलायची नाही. समोर पट्टी यायची तरी काट्याकडेच. एकटीनं पाठवायचं दोनदा ठरलं, दोनदा पुढे गेलं. फरशी पुसताना मी ऐकलं — सर त्यांना सांगत होते, या खेपेला नाही जमलं तर स्वतःच विचार करा, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणजे मी सांगितलं असतं तर? तुम्ही विसरला नव्हता ताई — एवढंच. पाच शब्दसुद्धा नाहीत. दुपारी त्या बाकावर एकट्या बसल्या होत्या, डबा उघडा, खात नव्हत्या. मी जवळ गेले. म्हटलं, "ताई..."

"काय मावशी?"

"चहा आणू?"

परवा तो दिवस आला. सकाळी ताई मला शोधत आल्या. तोंड सुकलेलं. म्हणाल्या, "मावशी, आज कव्हर तुमच्या हातानं काढा. भोकात तुमीच पाहा. तुमचं कधी चुकत नाही." मी काढलं. वाकून पाहिलं. भोकातून उजेड नीट आत जात होता. म्हटलं, "साफ आहे ताई." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान डोलावली, आणि एकदाच फेरी मारून आत बसल्या.

उडाल्या. वळून आल्या. पट्टीवर अलगद टेकल्या, कापसाचा बोळा ठेवावा तशा.

पहिल्यांदा एकट्यानं उडून आलं की डोक्यावर बादलीभर पाणी ओततात, तिथली रीत आहे. मुलं बादली घेऊन धावली. ताई म्हणाल्या, "थांबा रे. पाणी मावशी टाकन." माझ्या हातात बादली दिली. मी ओतली. अर्धं माझ्याच पायांवर सांडलं. त्यांनी ओल्या अंगानं मला मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन नव्या मुली शेजारी उभ्या होत्या, नुकत्याच शिकायला आलेल्या. ताई केसांतलं पाणी झटकत त्यांना म्हणाल्या, "कव्हर कधी विसरू नका बाई. मी एकदा विसरली, त माही अठरा वर्षं गेली. खोटं वाटते त या मावशीले विचारा."

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही.

मी मान हलवली. होय म्हणून.